पाणी मारुतीच्या कुठवर आलंय?

ताई, नमस्कार. मी नाशिकरोडला राहते, वय 52. आमच्या दहावीच्या वर्गाचा, 1989 च्या बॅचचा, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. 71 जण आहोत. सात वर्षांपूर्वी मीच तो सुरू केला आणि अ‍ॅडमिनही मीच. सुरुवातीला जुने फोटो, बाईंच्या आठवणी, कुणाच्या मुलीचं लग्न असं छान चालायचं. आता रोज भांडण. हिंदीच्या जीआरवरून झालं, सिनेमावरून झालं, तपोवनातल्या झाडांवरून तर दोघे एकमेकांच्या मुलाबाळांपर्यंत गेले. बातमी कुठलीही टाका, एक बाजू म्हणते चॅनल विकलं गेलंय, दुसरी म्हणते पेपर विकला गेलाय.

डिसेंबरात कुणीतरी कांद्याचे भाव पडल्याच्या बातमीचा व्हिडिओ टाकला. त्याखाली एकाने लिहिलं, 'भाव चढले की गप्प, पडले की रडगाणं.' माझी पहिलीपासूनची मैत्रीण निफाड तालुक्यात दिलीय, घरचा कांदा आहे. तिने भलंमोठं उत्तर लिहिलं. त्यात सरकारचं नाव आलं म्हणून मी ते डिलीट केलं आणि 'कृपया राजकारण नको' असं टाकलं. पाच मिनिटांत ती ग्रुपमधून बाहेर पडली. महिना झाला, फोन उचलत नाही. मिस्टर म्हणतात, अ‍ॅडमिनला पोलीस धरतात, तू ग्रुपच बंद करून टाक. बंद करू का? की बातम्यांवर बंदी घालू? आणि खरी बातमी कुणाची, हे आपल्यासारख्यांनी ओळखायचं तरी कसं?

– एक अ‍ॅडमिन, नाशिकरोड

प्रिय मैत्रीण,

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. प्रश्न तुम्ही तीन विचारलेत, पण ज्याने महिनाभर झोप लागत नसेल तो चौथा प्रश्न पत्रात आलेलाच नाही. मैत्रिणीचं उत्तर पुसून टाकलं, ते बरोबर केलं का? म्हणून आधी त्याचंच उत्तर देते. ते चुकलं. कुठे चुकलं तेही सांगते, कारण बाकीच्या प्रश्नांची निम्मी उत्तरं तिथेच आहेत.

तिचं उत्तर गेलं आणि 'रडगाणं' मात्र ग्रुपवर तसंच राहिलं. आजही कुणी मागे जाऊन वाचलं तर त्याला टोमणा दिसतो आणि टोमण्यावर कुणी काही बोललेलं दिसत नाही. टोमण्यात सरकारचं नाव नव्हतं म्हणून तुम्हाला तो राजकारण वाटला नाही. पण कांद्यावर बोलायचं आणि सरकारचं नाव घ्यायचं नाही, हे निफाडच्या बाईला कसं जमावं? ऑगस्ट 2023 मध्ये केंद्राने कांद्याच्या निर्यातीवर 40 टक्के शुल्क लावलं. त्याच वर्षी 8 डिसेंबरपासून निर्यातच बंद केली. मे 2024 मध्ये बंदी उठली, पण टनाला 550 डॉलर किमान निर्यातमूल्य आणि 40 टक्के शुल्क राहिलंच. सप्टेंबरात ते शुल्क 20 टक्क्यांवर आलं आणि शेवटी 1 एप्रिल 2025 पासून काढलं. पावणेदोन वर्षांत इतके फेरे. यातला एकेक निर्णय जाहीर झाला की दुसऱ्या दिवशी लासलगावच्या लिलावात त्याचा परिणाम दिसतो. तो निर्णय योग्य होता की अयोग्य, यावर दोन मतं असू शकतात. शहरातल्या माणसाला स्वस्त कांदा मिळायला हवा, हेही एक खरं मत आहे. पण ज्या निर्णयाने तिच्या घरचा वर्षाचा हिशोब बदलतो, त्याचं नाव घेणं म्हणजे भांडण उकरून काढणं नव्हे. ती आपल्या घराबद्दल बोलत होती.

तुम्ही पक्षपात केला असं मी म्हणत नाही. तुम्ही घाबरलात. भांडण पेटेल म्हणून जे सगळ्यात मोठं दिसलं तेच उचलून बाजूला ठेवलंत. लांबलचक उत्तर नेहमीच जास्त भांडखोर वाटतं आणि एका ओळीचा टोमणा साधा वाटतो. खरं तर टोमण्याला मेहनत लागत नाही, उत्तराला लागते. तिने रात्री सगळं आवरल्यावर, बारीक अक्षरांच्या त्या कीबोर्डवर, तारखा आठवून ते लिहिलं असेल.

मिस्टरांची भीती आधी दूर करते, कारण ते उत्तर थोडक्यात होण्यासारखं आहे. ही भीती हवेतून आलेली नाही. नोव्हेंबर 2012 मध्ये पालघरला एका तरुणीने फेसबुकवर बंदबद्दल लिहिलं, दुसरीने ते लाइक केलं आणि दोघींना अटक झाली. त्या प्रकरणावरून श्रेया सिंघल खटला उभा राहिला आणि 24 मार्च 2015 रोजी सर्वोच्च न्यायालयाने माहिती तंत्रज्ञान कायद्याचं, अशा अटकेला आधार असलेलं कलम 66 अ रद्द केलं. अ‍ॅडमिनबद्दल तर मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 2021 मध्ये स्पष्ट सांगितलंय, की सभासदाने काही आक्षेपार्ह टाकलं तर केवळ अ‍ॅडमिन आहे म्हणून त्याला गुन्हेगार धरता येत नाही. दोघांचा मिळून तसा बेत होता, हे दाखवावं लागतं. याचा अर्थ काहीही लिहा असा होत नाही. जातीधर्मात तेढ लावणाऱ्या मजकुराला कायदे आहेतच आणि ते लिहिणाऱ्याला आणि पुढे ढकलणाऱ्यालाही लागतात. पण कांद्याच्या भावावर वाद झाला म्हणून तुमच्या दारात कुणी येणार नाही. या भीतीपोटी ग्रुप बंद करू नका.

आता खरी बातमी ओळखायची कशी, याकडे येते. यावर मी थोडं जास्त बोलणार आहे.

माझी आत्या जुन्या नाशकात, गंगेच्या, म्हणजे गोदावरीच्या, जवळच्या एका वाड्यात वरच्या मजल्यावर राहायची. मी तेव्हा पुण्याला. एका ऑगस्टात माझ्या फोनवर व्हिडिओ आला. गंगेला पूर, पात्रातली दुतोंड्या मारुतीची उंच मूर्ती पूर्ण पाण्याखाली, सराफ बाजारात पाणी शिरलेलं. मी तो घरच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, 'प्रशासन झोपलंय.' माझ्या मामेभावाला ते लागलं, तो सरकारी खात्यात आहे. त्याने गंगापूर धरणाच्या विसर्गाचे क्युसेकमधले आकडे टाकले, मी त्यावर निवडणुकीचं काढलं, त्याने मी काम करत होते त्या पेपरचं काढलं. तासभर आम्ही दोघं एकमेकांना घायाळ करत होतो आणि बाकीचे वाचत होते. मग आत्याचा निरोप आला: 'मी खिडकीत उभी आहे. पाणी मारुतीच्या कमरेला आहे.'

व्हिडिओ जुना होता, आदल्या एका पुरातला. भावाची मी दुसऱ्या दिवशी माफी मागितली, ग्रुपवरच मागितली, कारण घाव ग्रुपवर घातला होता. पण माझ्या मनात राहिलं ते आत्याचं वाक्य. पूर किती आला, यावर नाशिककर कधी भांडत नाहीत, हे तुमच्या लक्षात आलंय का? 2008 चा पूर, 2016 चा, 2019 चा, कुणालाही विचारा, तो सांगेल मारुती कुठवर बुडला होता. कमरेपर्यंत, छातीपर्यंत, गळ्यापर्यंत, डोक्यावरून. क्युसेक कुणाला कळोत न कळोत, मारुती सगळ्यांना कळतो. काँग्रेसवाल्यालाही तोच, भाजपवाल्यालाही तोच. धरणातून पाणी आधी सोडायला हवं होतं का, पूररेषेत बांधकामं कुणी होऊ दिली, यावर मग खुशाल भांडा. पाणी कुठवर आलंय, यावर तरी एकमत असतं.

तुमच्या ग्रुपवरची भांडणं मारुतीशिवायची आहेत. प्रत्येक जण आपापल्या फोनमधला पूर बघून बोलतोय.

तपोवनाचंच घ्या. 2027 च्या सिंहस्थ कुंभमेळ्यात साधूंच्या वस्तीसाठी, म्हणजे साधुग्रामासाठी, तिथली झाडं काढायची नोटीस नोव्हेंबर 2025 मध्ये लागली आणि शहर हादरलं. अभिनेते सयाजी शिंदे तपोवनात येऊन उभे राहिले. बातम्यांमध्ये आकडे आले 1,700 ते 1,800 च्या घरातले. तुमचे ते दोघे वर्गमित्र नेमकं कशावरून भांडले, ते तुम्ही लिहिलेलं नाही, पण मी अंदाज करू शकते. एक म्हणाला असेल 'कत्तल'. दुसरा म्हणाला असेल 'झुडपं काढतायत, कुंभमेळ्याला विरोध म्हणून बोंब मारताय'. तिसऱ्याने मध्येच विचारलं असेल, नटाने यात बोलायचं कारण काय. ही तीन निरनिराळी भांडणं आहेत आणि ती एकाच गोधडीखाली शिरली आहेत. किती झाडं आणि कसली, हे मोजता येतं. तोड म्हणायचं की कत्तल, हा शब्दाचा वाद. आणि साधूंच्या निवाऱ्याला जागा आधी की झाडं आधी, हा पसंतीचा वाद. तो मोजून मिटत नाही आणि मिटायलाच हवा असंही नाही.

यातला मारुती कुठला? माझ्या मते झाडाचं वय. आपल्याकडे शहरातल्या झाडांसाठी 1975 चा कायदा आहे. महापालिकेला नोटीस काढावी लागते, हरकती घ्याव्या लागतात. 2021 च्या दुरुस्तीने 50 वर्षांवरच्या झाडाला 'हेरिटेज' दर्जा दिला आणि एक झाड तोडलं तर त्याच्या वयाइतकी नवी लावायची असं ठरवलं. म्हणजे सुबाभळीचं दोन वर्षांचं रोपटं आणि साठ वर्षांची चिंच एकाच आकड्यात मोजली, तर तो आकडा दोन्ही बाजूंना हवा तसा वापरता येतो. वय विचारलं की बोलणं जमिनीवर येतं. तुमच्या 71 जणांत पंचवटीत राहणारे दोघे-तिघे तरी असतील. एका रविवारी सकाळी त्यांनी तपोवनात चक्कर मारली, नंबर टाकलेल्या झाडांचे खोड दिसतील असे फोटो काढून ग्रुपवर टाकले, तर ती बातमी कुठल्याही चॅनलपेक्षा तुमच्या ग्रुपला जास्त उपयोगाची होईल. मत बदलणार नाही कुणाचं कदाचित. पण 'तू खोटं बोलतोस' हे वाक्य तरी बंद होईल. मैत्री तोडतं ते हेच वाक्य. वेगळं मत बहुतेक वेळा पचतं.

हिंदीच्या जीआरचं तर मला फार वाईट वाटलं, कारण तिथे मारुती प्रत्येकाच्या खिशात होता. शासन निर्णय राज्य सरकारच्या संकेतस्थळावर असतो, मराठीत असतो आणि फुकट मिळतो. 16 एप्रिल 2025 च्या निर्णयात पहिलीपासून हिंदी तिसरी भाषा म्हणून अनिवार्य होती. 17 जूनला शुद्धिपत्रक आलं. त्यात 'अनिवार्य' गेलं आणि 'सर्वसाधारणपणे' आलं. हिंदीऐवजी वेगळी भाषा हवी असेल तर वर्गात किमान 20 विद्यार्थ्यांची मागणी हवी, अशी अट आली. आता बघा, एका पेपरने मथळा दिला की सक्ती मागे घेतली. दुसऱ्याने दिला की मागच्या दाराने सक्ती. तुमच्या ग्रुपवर दोघांनी दोन कात्रणं टाकली असतील आणि एकमेकांना खोटं ठरवलं असेल. दोन्ही मथळे त्याच एका कागदातून निघाले होते. एकाने 'अनिवार्य' गेलेलं पाहिलं, दुसऱ्याने 20 ची अट पाहिली. 29 जूनला दोन्ही निर्णय रद्द झाले. तोवर किती मैत्र्या मोडल्या असतील, देव जाणे. तुमच्या वर्गातल्या कुणीतरी, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवणाऱ्या एखादीने, तो कागद उघडून ती दोन वाक्यं जशीच्या तशी टाकली असती तर?

मी 14 वर्षं एका दैनिकाच्या डेस्कवर काम केलं. म्हणून 'विकले गेलेत' हे ऐकलं की मला त्रास होतो. तो त्रास बाजूला ठेवून सांगते. बातमी गावचा बातमीदार पाठवतो. मथळा तो देत नाही, तो रात्री साडेअकराला डेस्कवरचा माणूस देतो. त्याच्यापुढे जागा असते दोन ओळींची आणि वेळ असतो काही मिनिटांचा. टीव्हीवर तर पट्टी पाच शब्दांची. माझ्याही हातून असे मथळे गेलेत की खालची बातमी वेगळं सांगत होती आणि दुसऱ्या दिवशी बातमीदाराचा उतरलेला आवाज फोनवर ऐकलाय. म्हणून माझी एक विनंती आहे. ग्रुपवर नुसता मथळ्याचा फोटो आला, तर त्यावर वाद सुरूच होऊ देऊ नका, पूर्ण बातमी मागा. आणि पैशाचा, जाहिरातीचा, मालकाच्या राजकारणाचा दबाव असतो का? असतो. मी तो पाहिलाय. पण तो बहुधा खोट्या वाक्यात दिसत नाही. कुठली बातमी पहिल्या पानावर गेली आणि कुठली आत सातव्या पानावर, कुणाला विचारलं आणि कुणाला विचारलंच नाही, यात तो दिसतो. कांद्याच्या बातमीत व्यापाऱ्याला विचारलं, गृहिणीला विचारलं आणि कांदा पिकवणाऱ्या बाईला विचारलंच नाही, तर बातमीतलं एकही वाक्य खोटं नसताना बातमी लंगडी असते.

तेव्हा कुणी 'विकलेला पेपर' म्हणाला की त्याला शांतपणे विचारायचं, 'यातलं कुठलं वाक्य चुकलंय?' त्याने वाक्य दाखवलं तर ऐका, कदाचित तो बरोबर असेल. मग तेच वाक्य संपादकांना लिहून पाठवा. वर्तमानपत्रांसाठी प्रेस कौन्सिल आहे, 1978 च्या कायद्याने नेमलेली, पण तिच्याकडे जायच्या आधी संपादकाला कळवावं लागतं आणि अनेक चुका तिथेच दुरुस्त होतात. माझ्या टेबलावर अशी पत्रं यायची. वाचकाने निळ्या शाईत ओळ अधोरेखित करून कात्रण जोडलेलं असायचं. ती आम्ही वाचायचो. 'तुम्ही सगळे विकले गेलात' असं पत्र वाचून काय दुरुस्त करणार?

सिनेमाचं फार लांबवत नाही. 2025 च्या जानेवारीत छत्रपती संभाजी महाराजांवरच्या हिंदी चित्रपटाचा ट्रेलर आला, लेझीमच्या दृश्यावरून वाद पेटला आणि दिग्दर्शकाने ते दृश्य काढायचं ठरवलं. चित्रपट लागला 14 फेब्रुवारीला. म्हणजे भांडण झालं ते कुणीही न पाहिलेल्या चित्रपटावर. आपल्या राजाबद्दल कुणाला काय वाटतं, हे त्या भांडणात बोललं गेलं आणि ते बोलणं मी कमी लेखणार नाही. तो आपल्या काळजाचा विषय आहे. पण मग चर्चा महाराजांवर करावी, ज्यांनी वाचलंय त्यांनी वाचलेलं सांगावं. आणि चित्रपटाबद्दल बोलायचं तर पाहून बोलावं. 'मला आवडला नाही' असं म्हणणाऱ्याला 'तुला इतिहासच माहीत नाही' हे उत्तर होऊ शकत नाही.

मग बातम्यांवर बंदी घालायची का? नका घालू. पन्नाशीतली 71 माणसं, कुणी अंबडच्या कारखान्यात, कुणी शाळेत, कुणी शेतात, कुणाचा मुलगा दुबईत, आणि शहरात काय चाललंय यावर त्यांनी बोलायचंच नाही? फक्त 'शुभ सकाळ'ची फुलं पाठवायची? बंदी घातली तर जे गप्प बसू शकतात त्यांचंच फावतं. सोसणाऱ्याला बोलावंच लागतं. याच शहरात 2 मार्च 1930 रोजी काळाराम मंदिराच्या दारात हजारो माणसं उभी राहिली, ती देवदर्शनाच्या हक्कासाठी. तेव्हाही 'इथे देवळात राजकारण कशाला' असं म्हणणारे असणारच. तुमच्या ग्रुपची मी त्या सत्याग्रहाशी बरोबरी करत नाही. पण 'राजकारण नको' या दोन शब्दांनी कोणाचं तोंड बंद होतं, एवढं मात्र प्रत्येक वेळी पाहायला हवं.

एका प्रकारच्या मजकुराला मात्र, चर्चा न करता, लगेच थांबवा. मुलं पळवणारी टोळी आलीय, अमक्या वस्तीत अमके लोक फिरतायत, असा निरोप. 1 जुलै 2018 रोजी आपल्या शेजारी धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात, असल्याच अफवेवरून जमावाने पाच माणसांना ठेचून मारलं. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची, भिक्षा मागून पोट भरणारी माणसं होती ती. त्याच रात्री मालेगावातही जमाव जमला होता. तिथे पोलिसांनी माणसं वाचवली. ज्यांनी तो निरोप पुढे पाठवला त्यांच्यातल्या बहुतेकांना वाटत असणार, आपण काळजीपोटी करतोय. त्यानंतर व्हॉट्सअ‍ॅपने आपल्या देशात एका वेळी पाचच ठिकाणी पाठवायची मर्यादा घातली. हाताहाती फार फिरलेल्या निरोपावर दुहेरी बाण दिसू लागला आणि 2020 पासून तसा निरोप एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतो. ते दोन बाण दिसले की एवढंच समजायचं, की हे लिहिणारा माणूस आपल्यापैकी कुणालाही माहीत नाही. असा निरोप भीती किंवा राग पसरवणारा असेल तर काढून टाका आणि का काढला ते लिहा. इथे अ‍ॅडमिनचा हात कडक हवा. अगदी जवळच्या मैत्रिणीने टाकला तरी.

बाकी ठिकाणी हात सैल ठेवा आणि डोळे उघडे ठेवा. दोघंच जण रात्री उशिरापर्यंत भिडले असतील तर त्यांना फोन करा, फोनवर माणसाचा आवाज असतो. कुणी कुणाच्या घरच्यांवर गेलं की लगेच मध्ये पडा. तपोवनाच्या वेळी तुम्ही तिथे पडायला हवं होतं, असं मला वाटतं. मुलाबाळांवर गेलेलं तुम्ही पुसलं नाहीत आणि कांद्यावर लिहिलेलं पुसलंत. हे वाचून वाईट वाटेल, पण मैत्रिणीला नेमकं हेच दिसलं असणार.

आणि आता तिच्याबद्दल.

आधी ग्रुपवर लिहा. लांब नको. तिचं उत्तर काढलं ती माझी चूक होती, टोमणा ठेवून उत्तर काढणं हा अन्याय होता, एवढंच. 'गैरसमज झाला असल्यास क्षमस्व' असं लिहू नका, गैरसमज काही झालेला नाही. त्या टोमणा मारणाऱ्या मित्राचं नाव घेऊ नका. त्याला वेगळा फोन करा. तो दुष्ट असेल असं मला वाटत नाही. त्याने टीव्हीवर जे पाहिलं त्यावरून तो बोलला. टीव्हीवर कांदा दोनदाच दिसतो, महाग झाला की आणि रस्त्यावर ओतला की. मधल्या महिन्यांत चाळीत तो किती सडला, वजन किती घटलं, हे दाखवायला कॅमेरा येत नाही. आणि बातमीत भाव येतो तो बहुतेक वेळा कमाल. बाजार समितीच्या फलकावर किमान, कमाल आणि सर्वसाधारण असे तीन भाव असतात. कमाल भाव दिवसभरातल्या एखाद-दुसऱ्या चांगल्या वाहनाला मिळालेला असतो. तुमच्या मैत्रिणीच्या ट्रॅक्टरला मिळतो तो सर्वसाधारण, गोल्टी, म्हणजे बारीक कांदा, निघाली तर त्याच्याही खाली. 'भाव चढले की गप्प' म्हणणाऱ्याने कमाल भाव ऐकलेला असतो आणि उत्तर देणारीच्या हातात स्वतःच्या विक्रीची पट्टी, म्हणजे व्यापाऱ्याने दिलेली पावती, असते. त्या भांडणातला मारुती हाच होता, बघा. तो तिच्याकडे होता आणि बहुधा त्या पुसलेल्या उत्तरात तिने तो लिहिलाही होता.

ग्रुपवर लिहून झालं की तिच्याकडे जा. मेसेज नको, स्क्रीनशॉट नको, मधल्या मैत्रिणीकरवी निरोप नको. नाशिकरोडहून निफाड लांब नाही, सकाळी निघालं तर दुपारच्या आत घरी परतता येतं. पण दिवस बघून जा. सध्या उन्हाळ कांद्याची लागवड चालू असेल, मजूर मिळत नाहीत, मिळाले तर त्यांचं चहापाणी आणि रोपांची जुडी मोजून देणं तिच्याकडेच असेल. सकाळी गेलात तर ती बांधावरूनच बोलेल आणि तुम्हाला वाटेल अजून रागावलीय. चार वाजता जा. काम उरकत आलेलं असतं. आधी कळवायचं असेल तर तिच्या घरच्यांना कळवा, तिला फोन उचलायला लावू नका.

ती लगेच ग्रुपवर परत यायला तयार होईल असं धरून चालू नका. तो आग्रह पहिल्या भेटीत करूच नका. ती म्हणेल, 'जाऊ दे, झालं ते झालं.' तुम्ही जाऊ देऊ नका. तिने त्या रात्री काय लिहिलं होतं, ते तिला विचारा. तुम्ही ते डिलीट करायच्या आधी पूर्ण वाचलंही नसेल, आणि मला वाटतं तिला तेच सगळ्यात जास्त लागलंय. तिला बोलू द्या. मध्ये तुमचं मत वेगळं निघालं तर तेही सांगा, तिला ते चालेल, तुम्ही पहिलीपासून एका बाकावर बसलाय. आणि बोलता बोलता ती उठून फडताळातून व्यापाऱ्याची पट्टी काढेल. नाही काढली तर तुम्ही मागा. मग चष्मा लावा आणि वरपासून खालपर्यंत वाचा. वजन, भाव, असेल ती कपात आणि शेवटी हातात आलेली रक्कम.